धनुष्याची पाठ: सागाची दोन मोडली, तिसऱ्याला काय चिकटवू?

सह्यवेडा (पुणे)

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने लाकडी धनुष्य करायचा नाद लागलाय. दुकानातलं फायबरचं नव्हे, घरी रंध्याने तासलेलं. आतापर्यंतचा हिशोब असा: केलेली दोन, मोडलेली दोन. शिवधनुष्य मोडल्यावर रामाला निदान सीता मिळाली, मला बायकोने हातात झाडू दिला. हॉलभर भुसा होता.

दोन्ही सागाची. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पट्ट्या आणल्या. ७० इंच लांब, मधे दीड इंच रुंद, टोकांना अर्धा इंच. पहिलं २२ इंच ओढल्यावर गेलं, दुसरं २५ वर. दुसऱ्याचा आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरचे काका सिलिंडर फुटला समजून वर आले. दोन्ही वेळा पाठीकडून चिरफळी उठली. पाठ म्हणजे धनुष्य धरल्यावर आपल्यापासून लांबची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची.

आता व्हिडिओवाले सगळे सांगतात, पाठीला 'बॅकिंग' लावा, मग मोडत नाही. पर्यायांची जत्रा आहे: बांबूची पट्टी, कच्चं कातडं, तागाचे धागे, रेशीम, फायबरची जाळी, एकाने तर खाकी कागद चिकटवला होता. आपल्याकडे यातलं काय मिळतं, काय टिकतं आणि गोंद कुठला? जरा इस्कटून सांगा.

ता. क. : धनुष्याच्या मुठीच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांना इंग्रजीत 'लिंब' म्हणतात. मी या चर्चेत 'पातं' म्हणणार आहे. मागे एका गटात 'सागाचा लिंब' लिहिलं तर झाड कुठलं यावरच वीस प्रतिसाद आले.

ठोकळा

रुमाल टाकून ठेवतो.

खडूस सुतार (सावंतवाडी)

मोडलेले तुकडे ठेवलेस की फेकलेस? ठेवले असतील तर पाठीचा फोटो नको, कडेचा टाक. पट्टी आडवी धरून बाजूने. रेषा कशा जातात ते दिसलं पाहिजे.

सह्यवेडा

आहेत काका, माळ्यावर. फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो. बाजूने पाहिलं तर रेषा पट्टीला समांतर नाहीत. पोटाकडून निघालेली रेघ आठ-नऊ इंचांत पाठीवर येऊन संपते. चिरफळी बरोबर तिथूनच उठली आहे. दुसऱ्याचंही तेच, फक्त तिरकेपणा कमी.

खडूस सुतार

मग बॅकिंगचा प्रश्न नंतर. तुझ्या धनुष्याचा निकाल वखारीतच लागला होता.

लाकूड म्हणजे काड्यांची जुडी समज. काड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतील तर पाठीवर येणारा ताण काड्या घेतात. रेघ पाठीवर येऊन संपली म्हणजे काडी तिथे कापली. मग ताण कोण घेणार? दोन काड्यांमधला चिकटपणा. तो किती असतो ते सरपण फोडणाऱ्याला विचार, कुऱ्हाड टेकवली की दोन फाका. तू २५ इंचांपर्यंत ओढलंस हेच नवल.

करवतीला रेषा कळत नाही. ती सरळ जाते, झाड वाकडं असतं. म्हणून पट्टी घेताना कडेची रेघ बोटाने धरायची आणि चालत जायचं. ७० इंचांत रेघ एकदाही पाठीवरून उतरली नाही तर ती पट्टी घ्यायची. चाळीस फळ्या उलट्यापालट्या करून एक मिळते. वखारवाला शिव्या घालतो, घालू दे.

बॅकिंग हा चांगल्या लाकडाचा विमा आहे. वाईट लाकडाचं औषध नव्हे.

दूरदेशी (ओहायो)

सुतारकाकांना +१. जरा पूरक.

वाळलेलं स्वच्छ लाकूड ताण जितका सोसतं, त्याच्या साधारण निम्माच दाब सोसतं. म्हणजे रेषा अखंड असतील तर आधी हार मानायची पोटाने, पाठीने नाही. मग निरोगी लाकडाच्या पाठीला मदतीची गरजच काय? इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात शेकड्याच्या वर धनुष्यं मिळाली. सगळी यू नावाच्या झाडाची, एकाच लाकडातून काढलेली, पाठीला काहीही चिकटवलेलं नाही. फक्त एक युक्ती: सालीखालचं पांढरं लाकूड पाठीकडे, आतला तांबूस गाभा पोटाकडे. पांढरं ताण चांगला घेतं, गाभा दाब चांगला घेतो. झाडानेच बॅकिंग लावून दिलेलं.

इथे माझ्या गॅरेजमध्ये हिकरी नावाच्या इथल्या झाडाची ३ मिलिमीटरची पट्टी लावतो. हिकरी ताणाला भयंकर चिवट. पण ती पुण्यात शोधू नका. तिच्या जागी तुमच्याकडे बांबू आहे, आणि बांबू तिच्यापेक्षा काकणभर सरसच.

मिरचीकाकू (कोल्हापूर)

रेशीम म्हणजे साडी चालेल का हो? माझ्याकडे जरीला काळी पडलेली एक आहे. विचारते आहे ती लेकासाठी, त्याने शाळेच्या प्रोजेक्टला धनुष्य घेतलंय. नाहीतर माझ्या हातून मोडेल ती साडी नेसण्याची शपथ.

दूरदेशी

काकू, चालेल. रेशमाची पाठ खरोखर लावतात. फक्त जरीचा भाग नको, आणि कापडाचा उभा धागा, म्हणजे साडीच्या लांबीचा, धनुष्याच्या लांबीतच आला पाहिजे. तिरका कापलात तर कापड ताणलं जाईल आणि लाकूड एकटंच झुंजेल. साडी साडेपाच मीटरची, तेव्हा एका साडीत गल्लीभर धनुष्यं होतील.

पण रेशीम, सुती किंवा लिननचं कापड, कागद, हे सगळे एकाच जातीचे: चिरफळी उठूच नये म्हणून पाठीवर घातलेली पट्टी. धनुष्याचा जोर वाढवत नाहीत. लेकाचं धनुष्य १५-२० पौंडांचं (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं) असेल तर पुरे.

चर्मवाद्य (मिरज)

इथे कातड्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं घर ढोलकी-तबल्याचं.

सह्यवेडा, कच्चं कातडं हवं असेल तर चप्पलवाल्याकडे जाऊ नका. तो कमावलेलं देईल, ते ताणतं, उपयोग नाही. तबल्याच्या पुडीचं (तोंडावरच्या कातड्याचं) काम करणाऱ्याकडे जा. बकऱ्याचं, केस काढलेलं, कमावलेलं नसलेलं, वाळून पापडासारखं कडक झालेलं कातडं मिळेल. पुडीसाठी पातळ लागतं, ते तुमच्या कामाला उत्तम. म्हशीचं जाड असतं, धनुष्याला ओझं होईल.

बकऱ्याचं कातडं ७० इंच कुठून असणार. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांबीत दोन पट्ट्या कापा आणि त्यांची गाठ मुठीवर पाडा. मूठ वाकत नाही, तिथे जोड चालतो. पोटाकडचं कातडं ढिलं असतं, ते घेऊ नका. आम्ही पण पुडीला घेत नाही.

चुन्यातून काढलेलं असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुवा. कोमट पाण्यात तासभर ठेवा, गरम पाण्यात नको, आक्रसून चिंधी होते. ओल्या फडक्यासारखं झालं की पिळा. लाकडाला आधी पातळ सरस (जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद) पाजून वाळू द्या, मग दुसरा हात दाट सरसाचा, त्यावर कातडं, मांसाची बाजू लाकडाकडे. मुठीकडून टोकाकडे अंगठ्याने दाबत हवा काढा. वरून सुती पट्टी गुंडाळा, दवाखान्यातल्या बँडेजसारखी. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडा, नाहीतर तीही कायमची बसेल.

आणि सरस उकळू नका! डब्यात डबा ठेवून, बोट क्षणभर टेकवता येईल इतपतच गरम. उकळलेला सरस म्हणजे पाणी, त्याची पकड गेली. आमच्या आजोबांचा यावरून मार खाल्लाय.

सह्यवेडा

वा! हे सोनं आहे दादा. वाळायला किती दिवस?

चर्मवाद्य

कातडं तीन-चार दिवसांत कडक वाटेल. पण पाणी लाकडातही गेलेलं असतं. आठवडाभर तरी वाकवू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज धनुष्याचं वजन करा. सलग तीन दिवस वजन तेच आलं की वाळलं. पावसाळ्यात हा प्रकार करूच नका.

प्राचीनप्रेमी

धाग्यात सगळे ओहायोला पोहोचलेत, जरा घरी या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याचे चार प्रकार दिलेत: ताडाचं, वेळूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. दोरीसाठीही यादी आहे, मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू (मांस नव्हे, जनावराच्या कंडरांचे चिवट धागे). शिंग पोटाला, स्नायू पाठीला, मधे लाकूड, ही संमिश्र धनुष्यं आपल्याकडे शतकानुशतकं होती. तेव्हा बॅकिंग लावायचं तर स्नायूंचंच लावा, बाकी सगळा पोरखेळ.

खडूस सुतार

स्नायू लावून जुलैत सावंतवाडीला या, मग बोलू.

दूरदेशी

प्राचीनप्रेमी, यादी बरोबर आहे, पण सुतारकाकांचा टोमणा खरा आहे. स्नायू आणि सरस दोन्ही हवेतलं पाणी पितात. कोरड्या तुर्कस्तानात हे धनुष्य राजा, आणि आपल्या पावसाळ्यात ते मऊ पडतं. मोगल काळात हिंदुस्थानात पोलादाची धनुष्यं केली जात, ती संग्रहालयांत आजही दिसतात. लाकूड-स्नायूच्या धनुष्याइतकी चपळ नव्हेत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी सरस सुटायची भीती नाही.

आणि स्नायूचा फायदा आखूड धनुष्यात. तो लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणतो, म्हणून चार फुटी धनुष्यही पूर्ण ओढता येतं. सह्यवेडाचं ७० इंची आहे. एवढ्या लांब पात्यावर स्नायू म्हणजे नुसतं वजन, बाण संथ होईल.

ठोकळा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर, म्हणजे नुसता वाद, होऊ नये ही विनंती.

बांबूवाला (कुडाळ)

बांबू लावणार असाल तर कुठला ते ठरवा, 'बांबू' म्हणून नुसतं मागू नका.

मानवेल भरीव आणि चिवट, लाठीला एक नंबर. पण घेर लहान, त्यामुळे त्याची पट्टी काढली की पन्हळीसारखी गोल येते. सपाट करायला गेलात की रुंदी उरत नाही. आमचा माणगाही तसाच, काठ्यांना छान. पाठीला मोठ्या घेराचा लागतो. कळक बघा, काटेरी असतो, तोडणाऱ्याला रक्तबंबाळ करतो, पण व्यास चार इंचांच्या आसपास मिळतो आणि भिंत जाड. तीन वर्षांच्या वरचा, हिवाळ्यात तोडलेला. कोवळा घेतलात तर वाळताना सुरकुततो आणि भुंगा लागतो. पट्टीखाली पिवळं पीठ दिसलं की समजा आत पाहुणे आलेत.

बांबूची सगळी ताकद सालीलगत. सालीकडे धागे दाट, आत विरळ आणि भुसभुशीत. म्हणून रंधा आतून मारायचा, बाहेरून अजिबात नाही. वरचा हिरवट मेणाचा थर चाकूने हलकाच खरवडा, तेवढंच. पेराच्या गाठी बाहेरून तासून सपाट करायचा मोह होतो. करू नका. गाठीवरून धागे वळसा घेऊन जातात, गाठ तासली की धागे कापले. मोडेल तर तिथूनच.

नंदुरबारकर

आमच्याकडे सातपुड्यात भिल्ल समाजात तिरकामठा बांबूचा. लहानपणी शेजारच्या आजोबांना करताना पाहिलंय. पाठीला काही चिकटवत नाहीत, एकाच बांबूची चीप, कोयत्याने तासलेली. दोरीसुद्धा बांबूचीच, पातळ काढलेली चीप. ती बोटाने वाजवून बघायचे. आम्ही पोरं विचारायचो, आजा, मोडत नाही का? ते म्हणायचे, मोडला तर बांबू काय परदेशातून आणायचाय का?

मिरचीकाकू

हे आवडलं. +१००.

सह्यवेडा

सर्वांचे आभार. ठरलं, बांबू. सागाची दुसरी पट्टी आहे, कळक शोधतो. काय होतं ते कळवतो.

ठोकळा

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

सह्यवेडा (दोन महिन्यांनी)

मंडळी, अपडेट. मोडलं नाही. पण जिंकलोही नाही.

कळक मुळशीकडच्या एका शेताच्या बांधावरून मिळाला. मालकाने कोयता हातात दिला आणि बाजूला उभा राहून मजा बघितली. चिरून, दीड महिना सावलीत वाळवून, आतून रंधा मारून ४ मिलिमीटरची पट्टी केली. सपाट करायला कडाप्प्याच्या फरशीवर पॉलिशपेपर चिकटवला आणि त्यावर पट्टी घासली. ही युक्ती कुणी सांगितली नव्हती, स्वतःची आहे, पाठ थोपटा.

सागाची पट्टी मधल्या भागात १२ मिलिमीटर. दोन्ही बाजू तुटक्या हॅकसॉ ब्लेडने ओरखडल्या, सावकाश धरणारं एपॉक्सी लावलं, मुठीखाली ठोकळा आणि टोकं खाली बांधून दोन इंच उलटा बाक दिला. क्लॅम्प चारच होते. मग पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फाटक्या ट्यूब आणल्या, लांब चिरल्या आणि मुठीपासून टोकापर्यंत कचकचून गुंडाळल्या. ट्यूबचा दाब सगळीकडे सारखा येतो, क्लॅम्पपेक्षा भारी.

पण एक पातं कडेने तीन इंच सुटलं. ते पुन्हा चिकटवलं. मग वाकवायला घेतलं तर वाकेचना! ताणकाट्यावर १५ इंचांतच ४० पौंड. म्हणून पोटाकडून साग तासत गेलो, तासत गेलो. शेवटी २६ इंचांवर ३८ पौंड आले. खूश झालो. दुसऱ्या दिवशी पोटावर हात फिरवला तर वरच्या पात्याला आडव्या बारीक सुरकुत्या, नखाला लागतील अशा. आणि दोरी काढली तरी पातं दोन इंच बाकलेलंच राहतं. पाठ मात्र ठणठणीत.

खडूस सुतार

पोट चिरडलं. पाठ पैलवान, पोट उपाशी.

हिशोब बघ. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ चे १६ मिलिमीटर केलेस म्हणजे १६ भागिले १२, त्याचा घन: २.३७. नुसत्या जाडीनेच सव्वादोन पटींच्या वर ताठ झालं. वर बांबू सागापेक्षा ताठ, ते वेगळं. मग तू तासलास काय? साग. बांबूला हात लावला नाहीस, लावायचाही नसतो. म्हणजे शेवटी जाडीत बांबू तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. वाकताना मधे एक रेघ असते जिथे ताणही नसतो, दाबही नसतो. ती रेघ बांबूकडे सरकली. बांबू जेमतेम ताणला गेला आणि सगळा दाब बिचाऱ्या सागाच्या पोटावर.

बांबू चिकटवायच्या आधीच पातळ करायचा. मधे ३, टोकाकडे दीड-दोन, आणि कडा जवळजवळ सुरीच्या धारेसारख्या. साग आधी जाड ठेवायचा नाही, चिकटवायच्या आधी तोही बराच उतरवून ठेवायचा.

दूरदेशी

आणखी एक. बांबूची रुंदी कमी करता येते. पाठीकडची बाजू अरुंद, पोटाकडची रुंद, आडवा छेद समलंबासारखा. ३५ मिलिमीटरच्या पोटावर २८ ची पाठ. बांबूचं काम भागतं आणि पोटाला जास्त अंग मिळतं. पण हे धनुष्य वाचणार नाही, सुरकुत्या भरून येत नाहीत. भिंतीला लाव.

बांबूखाली सागापेक्षा जड, दाब सोसणारं लाकूड हवं. धामणीचं झाड मिळालं तर बघ, पूर्वी धनुष्यांना आणि हत्यारांच्या दांड्यांना तेच वापरायचे, लवचीक असतं. कड सुटली त्याचं कारण वेगळं, साग तेलकट. चिकटवायच्या दहा मिनिटं आधी ॲसिटोनने दोनदा पुसायचं होतं.

चर्मवाद्य

साग सोडायचा नसेल तर आमच्याकडे या म्हटलं होतं. कातडं पोटावर दादागिरी करत नाही.

सह्यवेडा

पटलं. भिंतीवर लावलं, बायको म्हणाली निदान हे तरी शोभेला आलं. आता तिसरं (खरं तर चौथं): सरळ रेषेचा साग आणि बकऱ्याचं कातडं. वखारीत काकांनी सांगितलं तसं बोट धरून चाललो. एकतीस फळ्या काढल्या, बत्तिसावी मिळाली. वखारवाला म्हणाला, साहेब, मुलगी बघायला आलात का?

मिरचीकाकू

आमच्या लेकाचं साडीवालं तयार झालं हो. १८ पौंड. शाळेत दुसरा नंबर. पहिला नंबर ज्वालामुखीला, खाण्याच्या सोड्याचा.

सह्यवेडा (तीन आठवड्यांनी)

एक दुःखद बातमी. कातडं चिकटवून, बँडेज सोडून, गच्चीवर सावलीत वाळायला ठेवलं होतं. शेजारच्यांचा लॅब्रेडोर वर आला. खालच्या पात्याचं सहा इंच कातडं त्याने सोलून खाल्लं. पाळीव कुत्र्यांना चघळायला हेच तर विकतात दुकानात, त्याचा काय दोष.

चर्मवाद्य दादा, आता ठिगळ लावू की पूर्ण काढू?

चर्मवाद्य

हाहाहा! ढोलकीला उंदीर लागलेला पाहिलाय, धनुष्याला कुत्रा पहिल्यांदाच.

ठिगळ नको, वाकणाऱ्या भागात जोड आला की तिथेच बळ जमा होतं. त्या एका पात्याचं काढा. सरसाची हीच तर मजा, कोमट ओलं फडकं ठेवा, अर्ध्या तासात सुटेल. एपॉक्सी असतं तर बसला असता रडत. दुसरं पातं तसंच राहू दे.

खडूस सुतार

आणि पुन्हा वजन स्थिर होईपर्यंत थांब. घाई करशील.

सह्यवेडा

केली नाही काका. अकरा दिवस थांबलो, काट्यावर रोज वजन, शेवटचे चार दिवस ६१२ ग्रॅमवर अडकलं तेव्हा हात लावला.

मग आठवडाभर टिलरिंग. भिंतीवर खुंटी, खाली कप्पी, दोरी ओढायची आणि लांब उभं राहून वाकण बघायचं. जिथे ताठ तिथे पेन्सिलने खूण, तिथेच खरवडायचं, मग वीस-तीस वेळा अर्धवट ओढून लाकडाला नवीन वाकण शिकवायचं. खालचं पातं मुठीजवळ हट्टी होतं, त्यानेच दोन संध्याकाळी खाल्ल्या. पोटाकडूनच तासलं, कातड्याला हात नाही.

निकाल: २७ इंचांवर ३४ पौंड. दोरी काढल्यावर बाक सव्वा इंच. आतापर्यंत साधारण दोनशे बाण, सगळे गवताच्या पेंढ्यांवर, गावाकडच्या परड्यात. पाठीवर एक रेघ नाही, पोटावर सुरकुती नाही. वरून मेण आणि जवसाचं तेल. पाऊस सुरू झाला की दोरी काढून कपाटात.

खडूस सुतार

शाब्बास. पण खरं सांगू? त्या बत्तिसाव्या फळीला कातड्याची गरज नव्हती.

सह्यवेडा

माहीत आहे काका. कातडं लाकडासाठी नव्हतंच. २५ इंचांच्या पुढे ओढताना माझे डोळे मिटायचे, त्यासाठी होतं.

दूरदेशी

डोळ्यांचं निघालं म्हणून: गॉगल लावतोस ना?

सह्यवेडा

लावतो. लॅब्रेडोरलाही आणायचाय, तो रोज गच्चीवर येऊन धनुष्याच्या पाठीकडे बघत बसतो.

ठोकळा

रुमाल उचलतो. कळक कुठे मिळाला त्या शेताचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि कोयता मालकाचाच की आपला न्यायचा?